फेरीबोट आणि मोटारीने कॉर्सिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉर्सिका हे बेट फ्रान्सचे असले तरी ते फ्रान्सपेक्षा इटलीच्या अधिक जवळ आहे. नकाशावर ते लहानसे दिसते, म्हणून बहुतेक जण चार दिवसांत सगळे पाहून होईल असा हिशेब मांडतात आणि तिथेच फसतात. युरोपात राहणाऱ्या आणि भारतातून येणाऱ्या मराठी कुटुंबांकडून बेटाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

बेट किती मोठे आहे आणि किती दिवस हाताशी असावेत?

उत्तर-दक्षिण लांबी सुमारे 183 किलोमीटर आणि जास्तीत जास्त रुंदी सुमारे 83 किलोमीटर आहे. हे आकडे वाचले की सकाळी निघून संध्याकाळी परत येऊ असे वाटते. परंतु बेटाच्या मधोमध डोंगरांचा कणा आहे, त्यातले सर्वांत उंच शिखर मोंते चिंतो 2,706 मीटरचे आहे, आणि पश्चिमेकडे हे डोंगर थेट समुद्रात उतरतात. त्यामुळे इथले अंतर किलोमीटरमध्ये न मोजता तासांमध्ये मोजावे. पूर्वेच्या सपाटीवरून बास्तिया ते बोनिफासिओ हे सुमारे 170 किलोमीटर अडीच-तीन तासांत होते. पश्चिमेला काल्वी ते पोर्तो हे त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतर असूनही त्याला दोन तास सहज लागतात, आणि फोटोसाठी थांबत गेल्यास अर्धा दिवस जातो.

आमच्या मते सात रात्री हा किमान मुक्काम धरावा आणि दहा रात्री मिळाल्यास उत्तम. त्याहून कमी दिवस असतील तर संपूर्ण बेटाचा हट्ट सोडून उत्तर किंवा दक्षिण असा एकच भाग निवडावा.

बेटावर पोहोचण्यासाठी बोट कुठून घ्यावी?

फ्रान्सच्या बाजूने मार्सेय, तूलाँ आणि नीस ही बंदरे आहेत. इटलीच्या बाजूने लिव्होर्नो, साव्होना आणि जिनोआ. बेटावर बास्तिया, आजाक्सियो, ईल-रूस, प्रोप्रियानो आणि पोर्तो-व्हेकियो येथे मोठ्या बोटी लागतात. कोणत्या बंदरातून कोणत्या दिवशी बोट सुटते हे ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून आधी हॉटेल आणि मग बोट असा क्रम न ठेवता आधी बोट ठरवावी.

लिव्होर्नो ते बास्तिया हा प्रवास साधारण चार ते साडेचार तासांचा आहे. पिसा किंवा फ्लॉरेन्स पाहून येणाऱ्यांना तो सर्वांत सोयीचा पडतो. नीसहून दिवसाची बोट घेतल्यास कंपनी, बोट आणि बंदर यांनुसार पाच-सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. मार्सेयहून बोट संध्याकाळी सुटते आणि सकाळी पोहोचवते. या रात्रीच्या प्रवासात हॉटेलचा एका रात्रीचा खर्च वाचतो आणि पहाटे डेकवरून बेटाचे डोंगर समुद्रातून वर येताना दिसतात, परंतु त्यासाठी केबिन घ्यावी. आरामखुर्चीवर रात्र काढून सकाळी लगेच घाटात गाडी चालवायला निघणे शहाणपणाचे नाही.

उतरायचे बंदर आणि परतीचे बंदर वेगवेगळे ठेवावे, हा या सगळ्या पानावरचा सर्वांत उपयोगी सल्ला आहे. बास्तियाला उतरून आजाक्सियोहून परत निघाले, किंवा उत्तरेला उतरून दक्षिणेकडून सार्डिनियाला गेले, तर एकच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही आणि एक अख्खा दिवस वाचतो. हे आपली स्वतःची गाडी असलेल्यांना जास्त सोपे आहे; भाड्याच्या गाडीविषयी पुढे वाचावे.

व्हिसा वेगळा लागतो का?

नाही. कॉर्सिका शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा पुरतो. इटलीहून बोटीने बेटावर जाऊन तिथून सार्डिनियाला उतरले तरी आपण शेंगेनच्या बाहेर जात नाही, म्हणून एकदाच प्रवेश देणारा व्हिसाही चालतो. अर्ज करताना मात्र सर्वाधिक रात्री ज्या देशात काढणार आहात त्या देशाकडे करावा लागतो. बेटावरच्या रात्री फ्रान्सच्या खात्यात मोजल्या जातात, हे इटलीसोबत बेट जोडणाऱ्यांनी विसरू नये. पासपोर्ट बोटीवर जवळ ठेवावा, गाडीच्या डिकीत नाही.

भारतीय वाहन परवान्यावर गाडी चालवता येते का?

पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीला येते, परंतु सोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना असावा. तो भारतात आपल्या आरटीओकडून मिळतो आणि एक वर्ष चालतो. हा परवाना म्हणजे मूळ परवान्याचे भाषांतर आहे, त्याला पर्याय नव्हे. तेव्हा दोन्ही कागद बरोबर ठेवावेत. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्या बहुधा चालकाच्याच नावावरचे क्रेडिट कार्ड मागतात आणि त्यावर डिपॉझिटची मोठी रक्कम अडवून ठेवतात. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून ठेवले आहेत की नाही, हे निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये तपासावे, कारण विमानतळाच्या खिडकीपाशी उभे राहून ते तपासणे फार महागात पडते.

गाडी मुख्य भूमीवर भाड्याने घेऊन बोटीत चढवावी, की बेटावर घ्यावी?

बेटावरचे लोक फ्रान्सच्या मुख्य भूमीला नुसते ‘खंड’ म्हणतात, आणि या प्रश्नापुरते ते खरेच दोन वेगळे प्रदेश समजावेत. स्वतःची गाडी असेल आणि आपण जर्मनी, स्वित्झर्लंड किंवा उत्तर इटलीतून येत असाल, तर ती बोटीत घालणे सर्वांत चांगले. भाड्याची गाडी असल्यास करारात फेरीबोटीने नेण्याची मुभा आहे का ते लेखी पाहावे. अनेक कंपन्या ती देत नाहीत, काही जादा पैसे घेऊन देतात, आणि परवानगीवाचून नेलेल्या गाडीचा विमा ऐन वेळी नाकारला जाऊ शकतो. खंडावर घेतलेली गाडी बेटावर सोडण्याची सोय सहसा नसते.

म्हणून विमानाने येणाऱ्या किंवा पायी बोटीत चढणाऱ्या मंडळींनी बेटावरच गाडी घ्यावी. बास्तिया, आजाक्सियो, काल्वी आणि फिगारी या चारही विमानतळांवर गाड्या मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्या आयत्या वेळी मिळत नाहीत. घेताना मोठ्या गाडीचा मोह टाळावा. सहा जणांची एक लांबरुंद गाडी घेण्यापेक्षा तिघा-तिघांच्या दोन लहान गाड्या घाटात सुखाच्या ठरतात. विमा घेताना टायर, काचा आणि गाडीचा तळ यांचे नुकसान भरून मिळते का, हे विचारावे. नेहमीच्या विम्यातून बहुधा याच तीन गोष्टी वगळलेल्या असतात, आणि खडकाळ रस्त्यावर नुकसान व्हायचे तर याच तिघांचे होते.

बोटीत गाडी चढवताना काय करायचे असते?

तिकीट काढताना गाडीची लांबी आणि टपावरच्या सामानासह उंची खरी सांगावी. उंच गाड्या वेगळ्या डेकवर जातात. उंची चुकीची सांगितली असेल तर धक्क्यावर फरक भरावा लागतो किंवा गाडी मागे राहते. बोट सुटण्यापूर्वी किमान दीड तास बंदरावर पोहोचावे.

रांगेत लागल्यावर कर्मचारी हाताने खुणा करतात, त्याच पाळाव्यात. स्वतःच्या अंदाजाने गाडी वळवू नये. ते पुढच्या गाडीला जवळजवळ चिकटवून उभे करतात, म्हणून अशक्त किंवा वयस्क माणसांना आधीच उतरवून जिन्याने वर पाठवता आले तर बरे. गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि चोरीचा अलार्म बंद करावा, कारण लाटांच्या हेलकाव्याने तो रात्रभर वाजत राहतो. प्रवासात खाली गाडीपाशी जाऊ देत नाहीत. औषधे, स्वेटर, बाळाचे दूध आणि खाण्याचे डबे एका पिशवीत आधीच काढून ठेवावेत. वर जाताना डेकचा क्रमांक आणि जिन्याचा रंग यांचा फोटो काढावा. एकसारख्या दिसणाऱ्या चार जिन्यांमध्ये आपली गाडी शोधत धावणारी कुटुंबे प्रत्येक बोटीवर दिसतात.

बोट लागते त्यांनी काय करावे?

उन्हाळ्यात समुद्र बहुतेक शांत असतो, पण भूमध्य समुद्राला तलाव समजू नये. वायव्येकडून मिस्त्राल आणि नैऋत्येकडून लिबेच्चो हे वारे सुटले की मोठ्या बोटीही डोलतात. गोळी घ्यायची असल्यास बोट हलायच्या आधी घ्यावी, बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी. ज्यांना गाडी लागते त्यांनी मात्र गोळ्यांची मोठी पट्टी बरोबर घ्यावी, कारण खरी परीक्षा बोटीत नव्हे तर पुढे घाटांत होते.

रस्ते खरोखर किती अवघड आहेत?

बेटावर द्रुतगती महामार्ग नाही आणि टोलही नाही. ‘टी’ अक्षराने सुरू होणारे मुख्य रस्ते चांगले आणि पुरेसे रुंद आहेत: टी 20 हा बास्तियाहून कोर्तेमार्गे आजाक्सियोला जातो आणि वाटेत 1,163 मीटर उंचीची व्हिझाव्होना खिंड ओलांडतो, टी 10 पूर्व किनाऱ्याच्या सपाटीवरून दक्षिणेला बोनिफासिओपर्यंत जातो, टी 40 आजाक्सियो, प्रोप्रियानो, सार्तेन आणि बोनिफासिओ यांना जोडतो. एवढ्याच रस्त्यांवर राहिल्यास वरंध किंवा आंबोली घाट चालवलेल्या माणसाला काहीच जड जाणार नाही.

‘डी’ अक्षराचे रस्ते ही वेगळी गोष्ट आहे, आणि बेटाचे सौंदर्य नेमके त्यांच्यावर आहे. काल्वीहून पोर्तोमार्गे जाणारा डी 81 हा पियानाच्या तांबड्या ग्रॅनाइटच्या सुळक्यांमधून जातो. हे सुळके, जिरोलाताचे आखात आणि स्कांदोलाचे राखीव क्षेत्र मिळून 1983 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. रस्ता काही ठिकाणी इतका अरुंद आहे की समोरून प्रवासी बस आली की दोन्ही बाजूंची रांग थबकते, आरसे आत वळवले जातात, आणि कोणीतरी मागे घेईपर्यंत सगळे थांबून राहतात. म्हणून हा टप्पा सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी करावा. संध्याकाळी उतरत्या उन्हात खडक पेटल्यासारखे दिसतात, तेव्हा दोहोंत संध्याकाळ चांगली.

पश्चिम किनाऱ्यावर दिशेची निवड फार महत्त्वाची आहे. इथे गाडी उजवीकडून चालते. त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना आपण समुद्राच्या, म्हणजे दरीच्या बाजूला असतो, आणि कठडा बऱ्याच ठिकाणी गुडघाभर उंचीची दगडी भिंत एवढाच असतो. दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना डोंगराची कड आपल्या बाजूला राहते. उंचीची भीती असलेला कोणी गाडीत असेल तर दुसरी दिशा निवडावी. हाच नियम बेटाच्या उत्तर टोकाला, म्हणजे काप कॉर्सला, लागू पडतो: बास्तियाहून 536 मीटर उंचीची तेगीम खिंड ओलांडून आधी सँ-फ्लोराँला जावे आणि तिथून उत्तरेकडे निघून घड्याळाच्या काट्याप्रमाणे फेरी पूर्ण करावी. उलट दिशेने गेल्यास देखावा अधिक मोकळा दिसतो, पण त्यासाठी चालकाचे हात आणि शेजारी बसणाऱ्याचे काळीज दोन्ही स्थिर असावे लागतात.

वाहतुकीचे कोणते नियम आपल्या सवयीच्या उलट आहेत?

घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या आणि जागा अपुरी असेल, तर फ्रान्सच्या नियमाप्रमाणे उतरणाऱ्या गाडीने आधी थांबायचे असते. चढणाऱ्याला वाट देण्याची रीत आपल्याकडेही आहे, तेव्हा हे लक्षात ठेवणे सोपे जाईल. अवघड जाईल ते उजवीकडून येणाऱ्याला वाट देणे. गावात जिथे पाटी नसते, तिथे उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्या गाडीचा हक्क आधीचा असतो, ती गल्ली कितीही लहान असो. चौकातील वर्तुळात मात्र आत असलेल्याचा हक्क आधी. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कमाल वेग सामान्यतः ताशी 80 किलोमीटर आणि वस्तीत 50 आहे. घाटात आपोआप 35-40 च्या पुढे जाता येत नाही. गाडीत परावर्तक जाकीट आणि धोक्याचा त्रिकोण असणे सक्तीचे आहे. दहा वर्षांखालील मुलांनी मागे बसावे. मद्याची मर्यादा रक्ताच्या एका लिटरला 0.5 ग्रॅम इतकीच आहे.

मागून एखादी स्थानिक गाडी अगदी चिकटून येऊ लागली तर गोंधळून वेग वाढवू नये. पुढची रुंद जागा मिळताच बाजूला थांबून तिला जाऊ द्यावे. ती माणसे कामावर निघालेली असतात आणि आपण सहलीवर.

रस्त्यावर डुकरे आणि गाई येतात, हे खरे आहे का?

अगदी खरे आहे. इथली डुकरे मालकीची असतात पण मोकळी सोडलेली असतात. चेस्टनटच्या आणि ओकच्या झाडांखाली चरत ती वळणापलीकडे रस्त्याच्या मधोमध आडवी पडलेली आढळतात. शेळ्या आणि गाईही असतात. रात्री घाटात गाडी चालवू नये असे आम्ही सांगतो त्याचे मुख्य कारण अंधार नसून ही जनावरे आहेत. त्यांना काही खायला घालू नये.

पाट्यांवरची नावे समजत का नाहीत?

पाट्या फ्रेंच आणि कॉर्सिकन अशा दोन भाषांत असतात, आणि पुष्कळ ठिकाणी फ्रेंच नावावर रंग फासलेला किंवा गोळ्यांनी चाळण केलेली दिसते. यात घाबरण्यासारखे काही नाही. हा भाषेच्या अभिमानाचा जुना राजकीय वाद आहे, आणि तो पर्यटकांशी नाही. पास्क्वाले पाओली यांनी 1755 मध्ये कोर्तेला राजधानी करून बेटाचे स्वतंत्र राज्य आणि राज्यघटना उभी केली होती. 1769 मध्ये पोंते नोव्हूच्या लढाईत फ्रान्सने ते संपवले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आजाक्सियोत नेपोलियनचा जन्म झाला. बेटाच्या मनात पाओलींचे स्थान मोठे आहे, हे प्रत्येक गावातल्या चौकांच्या नावांवरून कळते. आपल्यापुरते एवढेच करावे की दोन्ही नावे टिपून ठेवावीत: कोर्ते म्हणजे कोर्ती, आजाक्सियो म्हणजे आयाच्चू, बोनिफासिओ म्हणजे बुनिफाझियू.

इंधन आणि मोबाइलचे जाळे यांचे काय?

पंप किनाऱ्यावर पुष्कळ आहेत, डोंगरात विरळ. टाकी अर्ध्यावर आली की भरावी. फ्रान्समध्ये पंपावर ‘गाझोल’ लिहिलेले असते ते डिझेल. पेट्रोलवर ‘साँ प्लाँ’ असे लिहितात. नावाच्या साम्यावरून गॅस समजून किंवा पेट्रोल समजून भरलेले डिझेल ही सहलीतली सर्वांत महागडी चूक ठरते. दऱ्यांमध्ये मोबाइलची रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवावा.

दहा दिवसांचा एक मार्ग सुचवाल का?

लिव्होर्नोहून बास्तियाला उतरावे. पहिल्या दोन रात्री बास्तिया किंवा सँ-फ्लोराँ येथे काढून काप कॉर्सची फेरी करावी. पुढे ईल-रूस व काल्वीच्या बाजूला दोन रात्री, नंतर पोर्तोला दोन. पोर्तोहून बोटीने स्कांदोला आणि जिरोलाता पाहावे. जिरोलाता या गावाला आजही मोटाररस्ता नाही, तिथे पायी किंवा समुद्रातूनच जाता येते. मग पोर्तोहून पूर्वेकडे निघून व्हेर्जो खिंड ओलांडावी. सुमारे 1,470 मीटरवरची ही बेटावरची सर्वांत उंच रस्त्याची खिंड आहे, आणि तिच्या पलीकडे स्काला दी सांता रेजिनाची खोल घळ लागते. त्या घळीतून आपण कोर्तेला पोहोचतो. तिथे दोन रात्री काढाव्यात. शेवटच्या दोन रात्री दक्षिणेला, आणि जाताना शक्य असेल तर 1,218 मीटरवरच्या बाव्हेला खिंडीची वाकडी वाट करावी. तिथले सुळके पाहून सह्याद्रीतला माणूसही गप्प होतो.

गाडीचा कंटाळा आला तर कोर्तेहून एक दिवस रेल्वेला द्यावा. बास्तिया ते आजाक्सियो ही सुमारे 158 किलोमीटरची मीटर गेज रेल्वे व्हिझाव्होनाखालच्या जवळजवळ 4 किलोमीटरच्या बोगद्यातून आणि आयफेल यांच्या कंपनीने बांधलेल्या व्हेकियो पुलावरून जाते. त्या दिवशी चालकालाही खिडकीबाहेर पाहता येते.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

थोडे होतात. बेटाची ख्याती सुकवलेल्या डुकराच्या मांसाची आहे. परंतु ब्रोच्चू नावाचे मऊ, ताजे चीज इथल्या स्वयंपाकाचा कणा आहे: ते पुदिना घालून आमलेटात, पास्त्यात आणि फियादोने नावाच्या गोड पदार्थातही असते. ते मेंढीच्या किंवा शेळीच्या दुधाच्या निवळीपासून करतात आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ताजे मिळते. चेस्टनटच्या पिठाची उकड, जिला पुलेंदा म्हणतात, चवीला गोडसर लागते. बोनिफासिओची भरलेली वांगी प्रसिद्ध आहेत. आपल्या भरल्या वांग्यांशी त्यांचे नाते एवढेच की वांगी भरलेली असतात, मसाला नव्हे, चीज आणि पाव. मांस नाही ना, हे विचारून घ्यावे. उपाहारगृहांत दुपारचे जेवण बारा ते दोन याच वेळेत मिळते, म्हणून घाटातून तीन वाजता उतरणाऱ्यांनी पाव, चीज आणि फळे गाडीत ठेवावीत. जैन किंवा अंडे न खाणाऱ्या मंडळींनी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे.

कोणता महिना चांगला?

मे, जून आणि सप्टेंबर. ऑगस्टमध्ये, विशेषतः 15 तारखेच्या आसपास, बोटी, हॉटेले आणि रस्ते तिन्ही भरलेले असतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात किनाऱ्यावरची बरीच हॉटेले बंद असतात आणि उंच खिंडी बर्फाने अडतात. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे काही डोंगरभाग त्या त्या दिवशी बंद करतात, आणि उघड्यावर शेकोटी पेटवणे किंवा कुठेही तंबू ठोकणे चालत नाही. हवामानखात्याचा नारिंगी इशारा आला तर हॉटेलातच थांबावे: 18 ऑगस्ट 2022 च्या सकाळी अचानक आलेल्या वादळात बेटावर ताशी 220 किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे नोंदले गेले आणि माणसे दगावली.

बोनिफासिओहून सार्डिनियाला जाणारी बोट भरवशाची आहे का?

सांता तेरेसा गाल्लुरापर्यंतचा हा प्रवास तासाभराचा आहे आणि पांढऱ्या चुनखडीच्या कड्यांवर टेकलेले गाव मागे पडताना पाहणे हा त्यातला मोठा लाभ आहे. मात्र ही सामुद्रधुनी जेमतेम 12 किलोमीटर रुंद असून दोन बेटांमधल्या या फटीत वारा जोरात घुसतो. क्रिमियाच्या युद्धावर निघालेली सेमियान्त ही फ्रेंच युद्धनौका 1855 च्या फेब्रुवारीत इथेच लाव्हेझी बेटांवर आदळून सुमारे 700 जणांसह बुडाली. आज बोटी वेळीच रद्द केल्या जातात, त्यामुळे धोका जिवाला नसून वेळापत्रकाला आहे. सार्डिनियाहून ज्या दिवशी विमान असेल त्याच सकाळची बोट धरू नये. आदल्या दिवशी दुपारीच पलीकडे जावे. भाड्याच्या गाडीला या प्रवासाची परवानगी नसल्यास ती फिगारी विमानतळावर परत करावी, तिथून बोनिफासिओला टॅक्सीने यावे, पायी बोटीत चढावे आणि पलीकडे दुसरी गाडी घ्यावी. टॅक्सी आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावी लागते.